पंचाहत्तर नंबरचा सूड

डिलाईल रोड,
मंगळवार, २७ डिसेंबर १९५५

बकुळे,

मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा, तेव्हा आधी आशीर्वाद घे, शिव्या मागाहून येतातच. तुझ्या अण्णांनी परवा जिन्यातच अडवून सांगितलं, "जयवंत, हे प्रकरण निवेपर्यंत फणसवाडीत पाऊल टाकू नकोस. तुझ्या मागोमाग पोलीस यायचे." मावशी पोह्यांची बशी घेऊन त्यांच्या मागे उभी होती. बशी तशीच आत गेली. सख्ख्या मावशीच्या घरी बंदी, म्हणून हे टपाल. पत्र मैत्रिणीचं म्हणून सांग. अक्षर माझं तसंही बायकी आहे, असं तूच म्हणतेस.

त्या दिवशी तू बायकांच्या बाकावर पुढे बसली होतीस, तुला सगळं पाठमोरं ऐकू आलं. मागे काय झालं ते माझ्याकडून घे. आम्ही पाच जण, रोल नंबर एकाहत्तर ते पंचाहत्तर. ठरलं होतं की वर्दे सर हजेरी घेताना कुणी प्रेझेंट म्हणायचं नाही. एकाहत्तरने म्हणायचं 'मुंबईसह', जगदीशने 'संयुक्त', त्र्याहत्तरने 'महाराष्ट्र', मी 'झालाच' आणि पंचाहत्तर नंबरने, म्हणजे रमाकांत सावंतने, 'पाहिजे'. घोषणा नाही, आरडाओरड नाही. पाच जणांनी सभ्यपणे पाच शब्द उच्चारायचे. तर्कशास्त्राच्या तासाला तर्कशुद्ध सत्याग्रह. कल्पना माझी होती, हे अभिमानाने सांगतो.

झालं काय ते तू ऐकलंसच. मुंबईसह, संयुक्त, महाराष्ट्र, झालाच, आणि मग त्या नतद्रष्टाने बारीक आवाजात म्हटलं, "प्रेझेंट सर."

वर्ग फुटला. लोक महाराष्ट्रासाठी नाही हसले, आमच्यावर हसले. फाउंटनच्या गोळीबारात माणसं पडून महिना झाला नव्हता आणि आमचा संयुक्त महाराष्ट्र वर्गाच्या मागच्या बाकावर एका शब्दासाठी अडून बसला. वर्दे सरांनी मान वर न करता पंचाहत्तरची हजेरी मांडली आणि आम्हा चौघांची गैरहजेरी.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलने मला एकट्याला बोलावलं. चौघांत मीच म्होरक्या, हे त्याला कुणी सांगितलं? म्हणाला, माफीपत्र लिही. मी कागद त्याच्याच टेबलावर फाडला आणि निघालो. निघालो तो निघालोच.

नाव सावंतने दिलं. त्याचा बाप नायगावच्या पोलीस लाईनीत हवालदार आहे, अजून काय पुरावा हवा. आणि दिलं का, तेही मला ठाऊक आहे. नाट्यस्पर्धेच्या तालमीच्या निमित्ताने तो तुमच्या बाकावरच्या मृणालिनीभोवती घोटाळतो. मी गेलो की रस्ता साफ.

मी त्याला सोडणार नाही, बकुळे. लिहून ठेव.

सध्या मी बाबांच्या गिरणीत बदलीवर आहे. पहाटे गेटवर उभं राहायचं, जॉबरने बोट दाखवलं तर आत, नाही तर घरी. आई म्हणते, "मेल्या, कॉलेज सोडलंस, आता बोलूचा तरी सोड."

मृणालिनीने काही विचारलं का? त्या दिवशी तिने हिरवं पातळ नेसलं होतं. आता कुठलं नेसते तेही लिही.

जयवंत

•

फणसवाडी,
सोमवार, २ जानेवारी १९५६

जयवंत,

चार महिन्यांच्या थोरपणाचे आशीर्वाद पोचले. अण्णांनी पाकीट हातात देताना विचारलं, कुणाचं. मी म्हटलं, कांताचं. आता कांता म्हणूनच लिहीत जा. निदान पाकिटावर तरी शिव्या लिहू नकोस.

तुझी जागा रिकामी आहे आणि वर्दे सर अजून रोज चौऱ्याहत्तर पुकारतात. कुणी उत्तर देत नाही. ते क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. रजिस्टरातून नाव काढायचा हुकूम आलाय म्हणे, पण त्यांच्या टाकातली शाई संपली आहे. हे त्यांनी स्वतः कारकुनाला सांगितलं, टाक शाईत बुडवत असताना.

राहिलेल्या तिघांनी माफीपत्रं दिली. जगदीशने इंग्रजीतून लिहिलं. त्यात 'रिग्रेट' लिहिताना इतक्या चुका केल्या की प्रिन्सिपॉलने तेच दुरुस्त करून घेतलं आणि मजकूर वाचायचा राहिला.

रमाकांतने नाव दिलं हे तू कशावरून म्हणतोस? वडील पोलीस आहेत, एवढ्यावरून? माझे अण्णा मूळजी जेठा मार्केटात कारकून आहेत, म्हणून मी काय कापड विकते? एवढं लिहून गप्प बसते, कारण तू ऐकणार नाहीस.

मृणालिनीने तुझी चौकशी केली. शुक्रवारी, बायकांच्या खोलीत. पातळाचं विचारू नकोस, ती दादरहून रोज वेगळं नेसून येते आणि मला दुसरी कामं असतात. स्नेहसंमेलनाच्या समितीत मला घेतलंय. शेलापागोटे माझ्याकडे आहेत.

बकुळा

•

डिलाईल रोड,
शुक्रवार, ६ जानेवारी १९५६

प्रिय कांते,

'मृणालिनीने तुझी चौकशी केली.' हे वाक्य मी सतरा वेळा वाचलं. पण तू मुलगी आहेस की तारघर? चौकशी कशी केली? आवाज कसा होता? हसून, की काळजीने? चौकशी करताना कुणाकडे बघत होती? काल साच्यावर उभा होतो आणि डोक्यात हेच. धागा तुटला, मला कळलं नाही, शेजारचा धोंडू ओरडला, "अरे शिकलेल्या, कापडाला भोक पाडलंस." त्याला काय सांगू की ते भोक दादरपर्यंत गेलंय.

तर शेलापागोटे तुझ्याकडे आहेत. देवानेच पाठवलं म्हणायचं. ऐक. पेटीत आठवडाभर निनावी चिठ्ठ्या पडतात, कुणाच्या नावाने काय वाटेल ते. मग ओळख लागू नये म्हणून समितीतलं कुणीतरी एका हाताने सगळ्या पुन्हा उतरवून काढतं. ते कुणीतरी म्हणजे तूच असणार, तुझं अक्षर छापल्यासारखं. आणि स्टेजवरून वाचली की ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याला सगळ्या कॉलेजासमोर उभं राहून ती हसत हसत घ्यावी लागते. घेतली नाही तर आणखी मरण.

मला सावंतला असं उभं करायचंय. चिठ्ठी घडवतो आहे. मृणालिनी पहिल्या रांगेत बसली पाहिजे, एवढं बघ.

जयवंत

•

फणसवाडी,
रविवार, २९ जानेवारी १९५६

जयवंत,

तू जिवंत आहेस हे मावशीने पाठवलेल्या निरोपावरून कळलं. निरोप आणणारा म्हणाला, लालबागला तू दोन रात्री घराबाहेर होतास. त्यावर मी काही लिहीत नाही.

इकडे सोळा तारखेला रेडिओवर मुंबई केंद्राकडे ठेवल्याचं सांगितलं आणि वाडी रस्त्यावर आली. मग गोळीबार आणि कर्फ्यू. आमच्या जिन्याखालच्या भिंतीत एक गोळी रुतली आहे. अण्णा तिला रोज हात लावून बघतात आणि आत येऊन तुझ्याबद्दल बोलायचं टाळतात. दुधासाठी रांगेत उभं राहायचं, तर शेजारच्या गंगुबाई शिपायाला म्हणाल्या, "आधी दूध घेऊ दे, मग गोळी घाल, चहा पिऊन मरते." शिपायाने भांडं धरून त्यांना रांगेत पुढे नेलं.

चोवीसला कॉलेज उघडलं. वर्गात अकरा जण. वर्दे सरांनी अकरा जणांना शिकवलं. मध्येच रस्त्यावर नळकांडं फुटलं, खिडकीतून धूर आला, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. सरही रडताहेत आणि फळ्यावर लिहिताहेत. म्हणाले, "अश्रुधूर असला की डोळ्यांत पाणी येतं. तुमच्या डोळ्यांत पाणी आहे. म्हणून अश्रुधूर आहे. यात दोष कुठे?" मग त्यांनीच सांगितलं, "पाण्याला दुसरंही कारण असू शकतं. मागच्या बाकावरच्या नाडकर्णीचा भाऊ बुधवारी गेला." सगळे मागे वळले. नाडकर्णी म्हणाला, "नाही सर, माझं पाणी धुराचंच आहे." आणि तो हसला, मग आम्हीही, आणि मग कुणाचं पाणी कशाचं ते कळेना.

हे तुला मुद्दाम लिहिलं. वडील पोलीस असले की मुलगा खबऱ्या, हा तोच दोष आहे.

संमेलन पुढे ढकललं, आता अकरा फेब्रुवारी. करावं की करू नये यावर समितीत भांडण झालं. नाडकर्णीच म्हणाला, करा.

बकुळा

•

डिलाईल रोड,
शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९५६

बकुळे,

तर्कशास्त्र मी अर्ध्यावर सोडलं, त्यामुळे मला दोष दिसत नाही, माणूस दिसतो. त्या दोन रात्रींत मी लालबागच्या एका चाळीच्या गच्चीवरून खाली बघत होतो आणि खाकी कपड्यातला प्रत्येक जण मला पंचाहत्तर नंबरचा बाप दिसत होता. त्या चाळीतला एक जण पाण्याची बादली आणायला खाली उतरला तो वर आलाच नाही. आणि तू मला नळकांड्यांचे विनोद सांगतेस. हसलो, खोटं नाही बोलत. हसलो आणि मग आणखी चिडलो.

ही चिठ्ठी. अक्षराअक्षराला आठवडा घातलाय. जशीच्या तशी उतरव.

'रमाकांत सावंत यांस खाकी शेला सप्रेम. बाप बंदोबस्ताला, बेटा खबरीला.'

एवढीच. वाचून झाल्यावर पहिल्या रांगेत कुणाचा चेहरा कसा झाला ते लिही. बाकी कॉलेज त्याचं काय करायचं ते करील. जानेवारीनंतर खबऱ्याला काय करतात हे गिरगावात कुणाला शिकवावं लागत नाही.

तू मला बहीण आहेस की नाही, ते अकरा तारखेला कळेल.

जयवंत

•

फणसवाडी,
रविवार, १२ फेब्रुवारी १९५६

जयवंत,

संमेलन झालं. आधी दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, गेलेल्यांसाठी. मग बसलो आणि कुणालाच पुढे काय करावं सुचेना. पडदा वर गेला तरी टाळी नाही. पहिला शेला वर्दे सरांना होता: 'सर, तुमच्या टाकात शाई कुठल्या देशातून येते?' एवढ्या शांततेत पहिला नाडकर्णी हसला. मोठ्याने. त्याने हसून घेतलं आणि जणू सगळ्यांना परवानगी दिली. मग जे हसू सुटलं ते आवरेना. जगदीशला 'रिग्रेट' शब्दाचं स्पेलिंग मिळालं, रेशमी फितीत बांधून.

तुझी चिठ्ठी वाचली. रमाकांत उभा राहिला. सगळे हसले. त्याने ती घेतली.

मृणालिनी पहिल्या रांगेत होती आणि तिचाही चेहरा बदलला. झालं तुझं समाधान? आता हा विषय संपव. मावशीला सांग, हरभऱ्याची उसळ करायला मी येणार आहे, अण्णांचं अण्णा बघून घेतील.

बकुळा

•

डिलाईल रोड,
बुधवार, १५ फेब्रुवारी १९५६

बकुळा,

काल जगदीश भेटला. चिंचपोकळीच्या पुलावर उभं राहून त्याने मला सगळे शेले तोंडपाठ म्हणून दाखवले. सावंतचा असा: 'रमाकांत सावंत यांस घड्याळ सप्रेम. आम्ही मागत होतो महाराष्ट्र, यांना हवी होती फक्त हजेरी.'

हे कुणी लिहिलं? मी नाही. जगदीश म्हणाला, सावंत स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसला आणि वाकून नमस्कार केला. टाळ्या मिळाल्या त्याला. म्हणजे माझ्या सुरीने तू त्याला केक कापून दिलास. आणि मला लिहितेस, तुझी चिठ्ठी वाचली.

उसळ करायला येऊ नकोस. आलीस तर मी घरात थांबणार नाही.

आता तुझी गरज नाही. कॉलेजच्या स्टेजवर नाही तर रस्त्यावर. ठाकूरद्वारच्या नाक्यावर रस्ता दुरुस्त करताहेत, डांबराचं पिंप उघडंच असतं. डालड्याचा एक डबा भरून आणला, रॉकेल घालून पातळ केला, आमच्या मोरीत झाकून ठेवलाय. शनिवारी नाट्यस्पर्धेची तालीम आटोपून तो दीडच्या सुमाराला तिथून ट्रामला येतो. खबऱ्याचं तोंड कसं दिसतं ते गिरगावाने बघू दे. हे तुला सांगतो ते अशासाठी, की या वेळी कुणाला मजकूर बदलता येणार नाही.

जयवंत

•

फणसवाडी,
शुक्रवार, १७ फेब्रुवारी १९५६

जयवंत,

हे पत्र तुला शनिवारी सकाळी मिळावं म्हणून मी स्वतः मोठ्या पोस्टात टाकायला चालले आहे. मिळालं की डबा ओत.

चिठ्ठी मी बदलली. खोटंही लिहिलं. तुझी चिठ्ठी वाचली गेली असती तर त्या गर्दीतून रमाकांत धड बाहेर आला नसता, हे तुलाही ठाऊक होतं आणि म्हणूनच तू ती लिहिलीस.

आता दुसरं. हे मला परवा कळलं. बुधवारी बायकांच्या खोलीत संमेलनाच्या गोष्टी चालल्या होत्या. मृणालिनी म्हणाली, "सगळ्यांत मजा त्या हजेरीची. मी त्या संध्याकाळी घरी जेवताना सांगितलं, काकांना हसून घास गिळवेना. काका दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रिन्सिपॉलांबरोबर टेनिस खेळताना तीच गोष्ट सांगून आले." मी विचारलं, "कुणाचं नाव सांगितलंस?" ती म्हणाली, "नाव कुठे माहितेय मला? म्हटलं, त्यात चौऱ्याहत्तर नंबरचा मुलगा पुढारी असावा, तो सगळ्यांना कोपराने ढोसत होता." मग म्हणाली, "ते चौऱ्याहत्तर हल्ली दिसत नाहीत का?"

हेच वाक्य तिने डिसेंबरात म्हटलं होतं. मी तुला लिहिलं, चौकशी केली. तुला बरं वाटावं म्हणून एवढंच लिहिलं. चूक माझी.

तिने दुष्टपणा केला नाही. तिला ती गोष्ट आवडली होती, म्हणून सांगितली. कॉलेज गेलं ते तुझं, तिचं हसून झालं.

रमाकांतने कुणालाच काही सांगितलेलं नाही. हे मी कशावरून म्हणते ते विचारू नकोस.

बकुळा

•

डिलाईल रोड,
रविवार, १९ फेब्रुवारी १९५६

बकुळे,

तुझं पाकीट शनिवारी दुपारच्या टपालाने आलं. मी साडेबाराला घर सोडलं होतं.

सगळं लिहितो, तुला जगदीशकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा. तो नाक्यावर आला, हातात तालमीची वही होती. मला बघून थांबला आणि म्हणाला, "अरे साटम." मी डबा तोंडावर रिकामा केला आणि ओरडलो, "खबऱ्या आहे हा." एवढंच ठरवलं होतं. तोंडापुरतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "पोलिसाचा पोर आहे, नायगावचा." कोण म्हणालं ते मी बघितलं नाही. मग पन्नास माणसं आली, आणि त्यातल्या एकालाही पंचाहत्तर नंबर काय ते माहीत नव्हतं. त्याला ट्रामच्या रुळावर ढकललं. हात अंगाखाली सापडून मोडला. मी तो आवाज ऐकला.

मी पळालो. हे वाक्य मोठ्या अक्षरात वाच. मी आत घुसून कुणाला अडवलं नाही. पळालो ते थेट घरी, आणि आईने तुझं पाकीट दिलं.

मृणालिनीवर सूड उगवायचा विचारही करून बघितला. जमत नाही. जिला माझं नावच ठाऊक नाही, तिला सूड पोचवायचा कुठल्या पत्त्यावर?

तो कुठे आहे ते कळव.

जयवंत

•

इस्पितळ, परळ,
सोमवार, २० फेब्रुवारी १९५६

साटम,

उजवा हात गळ्यात बांधलाय. मी सांगतो आहे आणि दुसरं कुणीतरी लिहितं आहे. अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. सप्टेंबरपासून ते माझ्याही ओळखीचं आहे. तुला कधी कळलं नाही, कारण तू सारखा दुसरीकडे बघत होतास. शनिवारी त्या नाक्यावरून जाऊ नकोस असं लिहिणारीने मला बजावलं होतं, मी ऐकलं नाही.

जबाब घ्यायला पोलीस आले होते. घेणारा वडिलांच्याच ठाण्याचा, वडील शेजारी उभे. विचारलं, चेहरा बघितला का. मी म्हटलं, डोळ्यांत डांबर होतं. विचारलं, कुणावर संशय. मी म्हटलं, म्युनिसिपालिटीवर, पिंप उघडं ठेवतात. वडील बाहेर गेले.

डिसेंबरात तुझं नाव दिलं नव्हतं, आता द्यायला सुरुवात करत नाही. दया आली म्हणून नव्हे. दिलं असतं तर तू सहा महिने आत जाऊन हुतात्मा होऊन आला असतास, डिलाईल रोडने हार घातले असते. तसं होऊ द्यायचं नाही मला. तू रोज सकाळी गेटवर उभा राहा आणि मागे कुणी आलंय का ते वळून बघत जा. हा माझा सूड.

त्या दिवशीचं विचारशील. फाउंटनच्या बंदोबस्ताहून वडील आले ते चार दिवस जेवले नव्हते. मी 'पाहिजे' घोकत कॉलेजात आलो होतो. नंबर आला आणि रोजचंच तोंडातून गेलं. शाळेपासून तेवढंच तर पाठ केलंय. त्यासाठी हवं तर मला भित्रा म्हण. तुझ्या शिवीला तो शब्द पुरला असता.

लिहिणारी दोनदा थांबली. तिसऱ्यांदा म्हणाली, हे वाक्य मी लिहिणार नाही, तो माझा भाऊ आहे. म्हणून ते इथे नाही. तू मनाने घाल.

उद्या घरी सोडतील.

रमाकांत सावंत

•

डिलाईल रोड,
बुधवार, २२ फेब्रुवारी १९५६

बकुळे,

सप्टेंबरपासून. आणि मी तुझ्याच हातून त्याला मारायला निघालो होतो. तुला एकदाही ओरडावंसं वाटलं नाही? की ओरडली असतीस तर मी आणखी आधी डबा आणला असता, हे तुला माहीत होतं? उत्तर देऊ नकोस, मला ते ठाऊक आहे.

काल दुपारी पाळी सोडून नायगावला गेलो. माफी मागायला गेलो असं समजू नकोस. मला कुणाचे उपकार अंगावर वागवायची सवय नाही, ते त्याच्या दारात टाकून यायला गेलो. पोलीस लाईनीत शिरताना प्रत्येक खोलीच्या दोरीवर खाकी वाळत होतं. खाली पोरं आबादुबी खेळत होती.

दार त्याच्या वडिलांनी उघडलं. दौलतराव हवालदार. बनियनवर होते, उंच आहेत आणि पाठीत वाकलेले.

"कोण रे तू?"

"जयवंत साटम. शनिवारी ठाकूरद्वारला तुमच्या मुलाच्या तोंडाला डांबर फासलं, ते मी."

बकुळे, मी हे पाठ करून गेलो होतो, न अडखळता म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"चपला बाहेर काढ."

आतून त्याच्या आईने विचारलं, "कोण आलंय?"

"रमाकांतच्या कॉलेजातला," ते म्हणाले. मला वाटतं त्या क्षणी त्यांनी कानाखाली दिली असती तर मी सुखाने घरी आलो असतो.

"ठाण्यात सांगायचं असेल तर तुझं तू जाऊन सांग," ते हळूच म्हणाले, "मी रजेवर आहे. इथे आलाच आहेस तर काम कर. केसांत डांबर आहे अजून. हिच्याच्याने बघवत नाही, आणि माझ्या हाताला जोर किती द्यायचा ते कळत नाही." आणि खोबरेलाची वाटी आणि चिंध्या माझ्या हातात दिल्या.

तो खिडकीजवळ स्टुलावर बसला होता. मी मागे उभा राहिलो. कपाळावर सूज आहे, डावी भुवई अर्धी गेली आहे. तेल लावायचं, थांबायचं, चिंधीने ओढायचं. केस उपटला की तो मान आखडायचा, पण आवाज नाही.

"ती मागे म्हणाली होती, तुझं अक्षर बायकी आहे," तो म्हणाला. "हातही तसाच आहे."

"गप बस. डोळ्यांत जाईल."

"गेलंय आधीच."

त्याची आई चहा ठेवून गेली, दोन कप. माझा तसाच निवला. शेवटी मीच म्हटलं, "ते वाक्य काय होतं, तिने लिहिलं नाही ते?"

"तोंडी सांगायचं नाही असं तिने सांगितलंय. करून दाखवणार आहे."

"काय?"

"हात बरा होऊ दे. तुला एक ठेवून द्यायची आहे. रस्त्यात नाही, पन्नास माणसं गोळा करून नाही. इथे, लाईनीच्या मागे, दोघंच."

"डाव्याने दे आत्ता."

"डाव्याने लागत नाही. माझा उजवा चांगला आहे. म्हणजे होता."

मी कानामागचं डांबर काढत होतो. तिथली कातडी सोलवटली आहे, तिथे चिंधी टाकून बोटानेच तेल लावलं. त्याने मान वळवून बघितलं. मी माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं असतं तर त्याने वाटी अंगावर ओतली असती, एवढं मला त्याच्या मानेवरून कळत होतं.

निघताना दौलतरावांनी जिन्यापर्यंत सोबत केली. म्हणाले, "गिरणीत बदलीवर आहेस ना? पहाटे इकडून जाताना बघतो मी गेटवरची पोरं." एवढंच. खाली आल्यावर मी दोनदा मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. तरी वळलो. तो म्हणाला होता तसंच.

उद्या सकाळी मी ठाण्यात जायचं म्हणत होतो. आईला सांगितलं, तर ती रडली नाही, म्हणाली, "जा, पण त्याका परत बोलावतीत सायबासमोर, हात गळ्यात घालून, ता बघ." ते खरं आहे. मी हुतात्मा व्हायला गेलो तर त्याला खोटा जबाब दिला म्हणून उभं करतील, आणि शेजारी त्याचे वडील. म्हणजे ती वाटही त्याने बंद करून ठेवली आहे. इतका पक्का सूड मला सात जन्मांत सुचला नसता.

तेव्हा आता एकच राहिलं. प्लास्टर एकतीस मार्चला निघणार आहे, शनिवार आहे. मी जॉबरला आधीच सांगून ठेवलंय, त्या दिवशी मला बोट दाखवू नकोस. दुपारी लाईनीच्या मागे जाऊन उभा राहणार आहे, आणि तो देईल ते घेणार आहे, हात न उचलता.

तू त्या दिवशी नायगावकडे फिरकू नकोस. तू जवळपास असलीस तर तो हळू मारील.

जयवंत